उजळ चित्र म्हणजे चांगला कॅमेरा? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. शेवटचा गडहिंग्लजच्या भाच्याचा होता. खाली त्याने विचारलं होतं, "मामा, ह्यातलं खरं किती? दुकानात पैसे भरायच्या आधी सांगा." तो लग्नांची आणि यात्रांची शूटिंग सुरू करतोय आणि कॅमकॉर्डरसाठी पतसंस्थेचं कर्ज काढतोय. त्याच्यासारखी पोरं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत, म्हणून त्याला फोनवर सांगण्याऐवजी सगळं लिहूनच काढलं.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. दोन कॅमकॉर्डर शेजारी ठेवून ऑटोवर (सगळं कॅमेऱ्यानेच ठरवायचं) एकच दृश्य घ्या, ज्याचं चित्र जास्त उजळ त्याची क्वालिटी चांगली. माहितीपत्रकातला लक्सचा (उजेडाच्या मापाचा) आकडा जितका लहान, तितका कॅमेरा अंधारात भारी. ४के असेल तर बाकी काही बघू नका. झूमचा आकडा मोठा तो घ्या. आणि पाचवी: एक्स्पोजर (चित्राला मिळालेला उजेड) एडिटिंगमध्ये दुरुस्त होतं, त्यामुळे मॅन्युअल कंट्रोलसाठी, म्हणजे ते हाताने ठरवायच्या सोयीसाठी, जादा पैसे घालू नका. सोबत वीसेक सेकंदांची क्लिप आहे. पडद्याचे दोन भाग, डावीकडे एका कॅमेऱ्याचं चित्र, उजवीकडे दुसऱ्याचं. उजवं चित्र चांगलंच उजळ आहे आणि त्यावर हिरवी बरोबरची खूण केलेली आहे.

आधी ती क्लिपच बघू, कारण लोकांचा विश्वास मजकुरापेक्षा क्लिपमुळे बसतो. खोली आहे, मागे खिडकी आहे, मधून एक माणूस चालत जातो. क्लिप मध्येच थांबवा आणि तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. खिडकी: डावीकडे पडद्याच्या चुण्या दिसतात, उजवीकडे खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन आहे. चालणाऱ्याचा हात: डावीकडे बोटं वेगळी कळतात, उजवीकडे हाताची पुसट पट्टी झाली आहे. कोपऱ्यातली सावली: डावीकडे काळी, उजवीकडे करडी, आणि त्या करड्या भागात वाळू सांडल्यासारखी वळवळ चालू आहे.

या तीन खुणांवरून काय घडलं ते कळतं. उजव्या कॅमेऱ्याने ऑटोमध्ये शटर हळू केलं, म्हणजे उजेड आत सोडायला ते जास्त वेळ उघडं ठेवलं. बहुतेक १/५० सेकंदावरून १/२५ वर नेलं असणार, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ उजेड मिळाला. म्हणून हात पुसला गेला. वर त्याने गेनही (सिग्नल वाढवायची सोय) चढवला, म्हणून सावलीत ग्रेन, म्हणजे ती वाळूसारखी वळवळ, आला. डाव्याने यातलं काही केलं नाही आणि खिडकी सांभाळली. त्या क्लिपवरून मला कुणी निवड करायला सांगितली, तर मी डावा कॅमेरा पुढच्या चाचणीला नेईन. पण खरं तर एवढ्यावर निवड करताच येत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांना वेगवेगळं एक्स्पोजर मिळालंय. एक परीक्षा दोन तासांची आणि दुसरी तीन तासांची घेऊन मार्कांची तुलना केल्यासारखं ते आहे.

चित्र किती उजळ येणार हे चार गोष्टी ठरवतात: समोरचा उजेड, आयरिस (लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक) किती उघडा, शटर किती वेळ उघडं आणि सेन्सरकडून आलेला सिग्नल गेनने किती वाढवला. गेन ६ डीबीने वाढवला की चित्र दुप्पट उजळ होतं, १८ डीबीला आठपट. पण त्याने उजेड वाढत नाही. जो सिग्नल आला तोच मोठा होतो आणि त्याच्याबरोबर खरखरही मोठी होते. ऑटो म्हणजे या गोष्टींचा कंपनीने आधीच करून ठेवलेला निर्णय. एक कंपनी घरगुती गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून चित्र उजळ ठेवते, दुसरी पांढरा भाग जळू नये म्हणून जरा आवरून धरते. दोघांच्या आत अगदी सारखा सेन्सर असला, तरी ऑटोमध्ये चित्रं वेगळी दिसतील. तेव्हा उजळपणा ही आवड झाली. क्वालिटी बघायची तर आधी दोघांना सारखं एक्स्पोजर द्यायला लागतं आणि मग कोणाच्या चित्रात काय शिल्लक राहतं ते बघायला लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः याच पद्धतीने कॅमेरा घेतला होता. दुकानात दोन शेजारी लावले, एकाचं चित्र झगझगीत दिसलं, तोच उचलला. पहिलंच काम कागल तालुक्यातल्या एका हळदीचं. सकाळी अकराचं ऊन, अंगणात नवरी, मागे काळोखा सोपा, म्हणजे ओसरी. आजीने आपला साज नातीच्या गळ्यात घातला. तो क्षण मी जवळून घेतला आणि मनातून खूश होतो. घरी मोठ्या टीव्हीवर लावल्यावर बघितलं, तर मागच्या काळोख्या सोप्याकडे बघून ऑटोने आयरिस उघडला होता आणि उन्हातला साज पार जळून गेला होता. कोल्हापुरी साजाच्या पानापानावर वेगळं नक्षीकाम असतं, मासा, कासव, चंद्र, भुंगा. माझ्या चित्रात त्या सगळ्यांची मिळून एक पांढरी-पिवळी रेघ झाली होती. आजीने बोट लावून विचारलं, "ह्यात मासा कुठं हाय रं?" तिला एकेक पान पाठ होतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, कारण फाइलमध्येच ते नव्हतं.

म्हणून पाचवा मुद्दा आत्ताच घेतो. एक्स्पोजर एडिटिंगमध्ये दुरुस्त होतं हा या मेसेजमधला सगळ्यात घातक दावा आहे. ८ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगासाठी फार तर २५६ पायऱ्या असतात. एखादी जागा सगळ्यात वरच्या पायरीला जाऊन थटली, की तिथला मासा आणि कासव दोघांनाही एकच आकडा मिळतो. एडिटरने तो आकडा खाली ओढला, तर पांढऱ्याचा करडा होईल, मासा परत येणार नाही. उलट बाजूने, चित्र अंधारं घेतलं आणि मग वर ओढलं, तर खालच्या थोड्याशाच पायऱ्या ताणून सगळीकडे पसरायच्या. मग रंकाळा तलावावरचं संध्याकाळचं आभाळ घ्या, केशरीतून निळ्यात जाताना त्यात पट्टे पडलेले दिसतील. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या मिळतात, तिथे थोडी मोकळीक आहे हे खरं. पण जळालेलं तिथेही जळालेलंच राहतं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा विचार करा. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. गाभारा काळोखा आणि त्यात सोनेरी उजेडाचा एवढासा तुकडा. ऑटो सगळ्या फ्रेमचा सरासरी उजेड मोजून तो मधल्या करड्याच्या आसपास आणू बघतो. अशा दृश्यात तो अंधार उजळायला जाणार आणि नेमकी किरणंच जाळणार. एका बाजूला कितीही अंधार राहिला तरी चालेल, पण किरण सांभाळलं पाहिजे, हे माणसाला कळतं. ते कॅमेऱ्याला सांगायची सोय म्हणजे मॅन्युअल आयरिस, नाहीतर किमान एक्स्पोजर लॉक आणि उणे-अधिक करायचं चाक. त्यासाठी जादा पैसे पडत असतील, तर सगळ्यात आधी तिथेच घाला.

ऑटो वाईट असं माझं म्हणणं नाही. वरातीत धावताना, एका दिव्याखालून दुसऱ्या दिव्याखाली जाताना मीही ऑटोवरच असतो. फक्त गेनला मर्यादा घालता येते का, ते बघून घ्या. मी ऑटोला १२ डीबीच्या वर जाऊ देत नाही. आणि आपोआप शटर हळू करण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाकतो. कुस्तीत ती चालू राहिली, तर डाव कधी पडला तेच कळत नाही, हातापायांची नुसती सावली फिरते. खासबागेत लाल माती, घामाने चमकणारी पाठ आणि पांढरे फेटे घातलेली माणसं एकाच फ्रेममध्ये असतात. तिथे मी सामन्याआधी मातीवर एक्स्पोजर बसवतो आणि मग हात लावत नाही.

आता तुलना कशी करायची ते सांगतो, कारण नुसतं चूक म्हणून भाच्याचं काम होणार नाही.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. एक काळं घोंगडं आणि एक पांढरा टॉवेल न्या. दुकानदार हसला तर हसू दे. घोंगड्याची वीण म्हणजे काळ्यातला बारकावा आणि टॉवेलचे धागे म्हणजे पांढऱ्यातला बारकावा. या दोन टोकांना काय टिकतं, त्यावर कॅमेरा ओळखता येतो. दोन्ही कपडे दाराजवळ असे टांगा, की टॉवेल उन्हात आणि घोंगडं सावलीत राहील. मध्ये बरोबरच्या माणसाला उभं करा. दोन्ही कॅमेरे एकाच जागेवरून, सारखाच माणूस चौकटीत बसेल एवढ्या झूमवर लावा. शटर दोन्हींचं १/५०, गेन शून्य, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) एकाच पांढऱ्या कागदावर. पिक्चर प्रोफाइल (चित्राच्या रंग-उजेडाची तयार ठेवण) असेल तर दोन्हीकडे साधं ठेवा, कारण प्रोफाइलनेही चित्र उजळ किंवा गडद दिसतं.

मग झेब्रा (ठरवलेल्या उजळपणाला पोचलेल्या भागावर तिरप्या रेघा दाखवणारी सोय) चालू करा आणि माणसाचा गाल एकाच पातळीला येईपर्यंत दोन्ही आयरिस फिरवा. पुष्कळ ठिकाणी चेहऱ्याला ७० टक्के लावायला सांगतात. गोऱ्या कातडीला ते ठीक आहे. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याला ७० लावलं तर तो फिका, पावडर थापल्यासारखा येतो. मी ५५ ते ६० च्या मध्ये राहतो. आकडा कुठलाही घ्या, दोन्हीकडे तोच पाहिजे. एलसीडीवर विश्वास ठेवू नका. तिची ब्राइटनेस कॅमेऱ्यागणिक वेगळी असते आणि काही आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्वतःच बदलतात. गेनचा किंवा आयएसओचा आकडा सारखा ठेवला म्हणजे एक्स्पोजर सारखं झालं, असंही धरू नका. दोन कंपन्यांचे शून्य डीबी सारखे उजळ असतील याची खात्री नसते. झेब्रा जुळला पाहिजे.

अर्धा मिनिट घ्या. मग काळोख करा, आणि झेब्रा पुन्हा जुळवत गेन ६, १२, १८ असा चढवत जा. शेवटी घोंगड्यावरून टॉवेलकडे हळू पॅन करा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवा. फाइली घरी आणून एकाच टीव्हीवर बघा. टॉवेलचा धागा कुणी राखला, घोंगड्याची वीण कुठल्या गेनला ग्रेनमध्ये बुडाली, पॅन करताना चित्र कुठे फुटलं? अर्ध्या तासात तुम्हाला त्या मेसेजपेक्षा जास्त कळेल. या चाचणीत एखादा कॅमेरा तेवढ्याच ग्रेनमध्ये, तेवढ्याच शटरला खरोखर जास्त उजळ चित्र देत असेल, तर तो अंधारात चांगला. मेसेज लिहिणाऱ्याला बहुतेक हेच म्हणायचं असावं. पण अट गाळली की अर्थ उलटा होतो.

लक्सचा मुद्दा थोडक्यात उरकतो. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा उजेड पाडते तो साधारण १ लक्स. कंपनी अमुक लक्स म्हणते, तेव्हा त्याच्या खाली बारीक अक्षरात शटर आणि मोड लिहिलेले असतात, ते वाचा. कुणी हळू शटरला मोजतं, कुणी सगळा गेन चढवून. चित्र दिसतं एवढ्यावर तो आकडा लिहिता येतो, ते बघण्यासारखं आहे का हा प्रश्न त्यात नसतोच. काही कॅमेऱ्यांवर ० लक्स लिहिलेलं असतं. तिथे कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो आणि चित्रातले रंग जातात. लग्नाला त्याचा काही उपयोग नाही. अंधारातल्या कामासाठी सेन्सरचं माप बघा. १ इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. १/२.३ इंचीवाला साधारण ६.२ बाय ४.६ चा. क्षेत्रफळात जवळजवळ चौपट फरक आहे, आणि घरगुती हँडीकॅममध्ये याहूनही लहान सेन्सर असतात.

४के बद्दल माझं मत एकतर्फी नाही. ३८४० बाय २१६० म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. चित्र नंतर कापून जवळ आणता येतं, आणि तेच एचडीमध्ये उतरवलं तर स्वच्छही दिसतं. मीही ४केवर काम करतो. पण "बाकी काही बघू नका" हे चूक. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असतात, चांगभलंचा गजर चालू असतो आणि वरून गुलाल उधळला जातो. गुलालाचा ढग म्हणजे फ्रेमभर हलणारे हजारो बारीक कण. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कोडेकला याच्याइतकं अवघड दुसरं काही नसतं, कारण कुठलाच भाग मागच्या फ्रेमसारखा राहत नाही. बिटरेट (दर सेकंदाला लिहिली जाणारी माहिती) अपुरा असला की गुलालाचे चौकोनी ठिपके होतात, मग फ्रेम ४केची असो वा एचडीची. जुन्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत वरची मर्यादा २८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) होती, आताचे काही ४के कॅमकॉर्डर १०० पर्यंत लिहितात. खरेदी करताना हा आकडा विचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्लिपवरून क्वालिटी ठरवू नका. पाठवताना ती इतकी दाबली जाते, की दोन्ही कॅमेऱ्यांचा बारकावा वाटेतच निघून जातो.

झूमचं बघू. आपल्याकडे फुटबॉलची शूटिंग करणारे पुष्कळ आहेत. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने असले की लांबून गोलपोस्ट जवळ आणायला झूम लागतोच, आणि सलग लांब रेकॉर्डिंगसाठी कॅमकॉर्डरच बरा पडतो. पण बऱ्याच लेन्स वाइडला एफ/१.८ असतात आणि पूर्ण झूमला एफ/३.६ च्या आसपास जातात (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान). म्हणजे उजेड चौथाई. ऑटो ही तूट गेनने भरून काढतो, त्यामुळे चित्र अंधारलेलं दिसत नाही, ग्रेन मात्र वाढतो. चारच्या सामन्यात पहिल्या हाफला काही जाणवत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत झूम करून घेतलेला गोल सगळा खरखरीत येतो. तेव्हा घोंगड्याची चाचणी पूर्ण झूमवरही करा, आणि डिजिटल झूम बंद करून करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण सेकंडहँड घेणाऱ्यांना ती नडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि काही एलईडी त्यामुळे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० शटरला ते जुळतं. अमेरिकेतून आलेला काही कॅमेऱ्यांचा माल ६० हर्ट्झवर अडकलेला असतो, तो ऑटोमध्ये १/६० लावतो आणि मंगल कार्यालयाच्या भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. उन्हात बघून घेतलेल्या कॅमेऱ्यात हे कळतच नाही. दुकानातल्या ट्यूबखाली एक मिनिट नक्की घ्या.

माझं घर खरी कॉर्नरच्या अलीकडे. तिथल्या कॅमेऱ्याच्या स्मारकावरून रोज जाणं होतं. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला. त्यात ऑटो नव्हता. ऊन कुठून येतंय, कपडा किती पांढरा आहे, हे डोळ्याने जोखून ती माणसं फिल्म चालवत होती, आणि चुकलं तर फिल्म वाया. आजच्या पोरांकडे झेब्रा आहे, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आहे, फुकटात पुन्हा पुन्हा घेता येतं. मग एका हिरव्या खुणेवर कर्जाचे पैसे का लावायचे?

भाच्याला कळवलंय, रविवारी सकाळच्या एसटीने ये. टॉवेल माझ्याकडे आहे. घोंगडं तुमच्या घरचं आण, जुनं, धुतलेलं, त्याची वीण जास्त उठून दिसते. दुकानदाराशी मी बोलून ठेवलंय. त्याने दाराजवळची जागा आणि दोन्ही कॅमेरे तासभर द्यायचं कबूल केलंय.